परिघात एक व्यक्ती

टेकडीवरच्या जलशुद्धीकरण केंद्राला शहरात सगळे नुसतं ‘फिल्टर’ म्हणतात. तापीचं गढूळ पाणी पंपांच्या जोरावर टेकडी चढतं, तुरटी घेऊन निवळतं, वाळूतून झिरपतं, क्लोरीन पितं आणि उतारानं पुन्हा खाली शहराकडे निघतं. कुणाच्या माठात, कुणाच्या न्हाणीत, कुणाच्या देवापुढच्या पंचपात्रात. एवढ्या सगळ्या पाण्याची राखण एक बाई करते. योगिता बागुल तिचं नाव. महिन्यातला उजेडाचा पंधरवडा ती टेकडीवर एकटी असते. अंधाराच्या पंधरवड्यात तिचा नवरा हिरामण तिथे एकटा असतो.

अमावास्येला ती आत जाते, पौर्णिमेला बाहेर येते. ती बाहेर आली की तो आत. दोघांचं घर एकच, चहाचा कप एकच, जेवायला बसायची खिडकीजवळची जागासुद्धा एकच. फक्त वेळ एक नाही.

भेट होते ती टेकडीच्या पायथ्याशी. तिथे रस्त्यावर एक पांढरा पट्टा रंगवलेला आहे. बाहेर पडणाऱ्यानं तो ओलांडल्याशिवाय आत जाणाऱ्याला फाटक उघडत नाही, आणि फिल्टर रिकामं ठेवायची मुभा फार थोडी. तेवढ्यात दोन स्कूटर पट्ट्याशी थांबतात आणि किल्ल्यांचा जुडगा या हातातून त्या हातात जातो.

“जेवनी का?” हिरामण अहिराणीत विचारतो.

“जेवनी. तुमचा डबा आत टेबलावर झाकून ठेवलाय. आणि दोन नंबरचा पंप कुरकुर करतोय, कान ठेवा त्याच्याकडे.”

“बरं.”

“दाढी नीट केली ना?”

“केली गं बाई. बघ हात लावून.”

ती हात लावते, तोवर फाटकाचा दिवा हिरवा झालेला असतो.

टाक्यांभोवती फेरी मारताना योगिताच्या तोंडी ओव्या येतात. आई दळताना म्हणायची त्या तिला पाठ नाहीत, पण चाल अंगात उतरली आहे. शब्द ती तिचे तीच जोडते:

पुनवेच्या वाटेवर । किल्ली हातात ठेवते
बोटाला बोट लागे । तेवढ्यावर जगते

पाणी ऐकतं. दुसरं कुणी नसतंच.

*

हे नेहमी असं नव्हतं. फिल्टरला वसाहत होती. निवळणीच्या मोठ्या गोल टाकीपलीकडे बैठ्या घरांच्या रांगा, घराघरापुढे तुळस, दोरीवर वाळणारे कपडे, पाळीला जाणाऱ्या माणसांच्या सायकली. योगिता लग्न होऊन आली ती याच वसाहतीत. हिरामण ऑपरेटर होता, मागाहून तीही परीक्षा देऊन ऑपरेटर झाली. मुलगी कृतिका इथेच चालायला शिकली. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, सासरी गेलेल्या सगळ्या पोरी माहेरी यायच्या. टाकीजवळच्या निंबाला झोके बांधले जायचे आणि दिवसभर गाणी. इतकी गाणी, की पंपांचा आवाजसुद्धा त्यांना साथ दिल्यासारखा वाटायचा.

मग मोजणी आली.

क्लोरीन पाण्याचा राखणदार आहे, माणसाचा नाही. टनर नावाच्या जाड लोखंडी पिंपांत तो दाबाखाली कोंडलेला असतो. पिंप आडवं निजवलेलं. तळाशी क्लोरीनचा द्रव, वर वायू. द्रव बाहेर सांडला तर तांब्याभर द्रवाचा चारशेहून जास्त तांबे वायू होतो. हा वायू हवेपेक्षा जड. धुरासारखा वर जात नाही, पाण्यासारखा उतार शोधतो, नाल्यात उतरतो, खळग्यात साठतो, दाराखालच्या फटीतून घरात शिरतो. छातीत जिथे ओल सापडेल तिथे तिचं आम्ल करतो. आणि माणसाच्या छातीत सगळी ओलच असते.

टेकडीवर वारा, ऊन, दमटपणा मोजणारी यंत्रं पेरली गेली. त्यांच्या जोडीला एक नवंच यंत्र आलं. अगदी क्षीण रेडिओलहरी सोडून ते भिंतीपलीकडच्या माणसाच्या छातीची वरखाली टिपायचं. परिघात किती जण श्वास घेत आहेत, हे त्याला घटकेघटकेला कळायचं. मग मोजणी एकच प्रश्न पुन्हा पुन्हा सोडवायची: आत्ता या क्षणी टनर गळला, तर वाऱ्याबरोबर वायू कुठे जाईल आणि कोण कोण तो श्वासात घेईल? गळण्याची शक्यता गुणिले श्वास घेणारी माणसं. येणाऱ्या आकड्याला त्यांनी नाव दिलं श्वासांक. श्वासांक जितका खाली, तितकं शहर शहाणं.

गुणाकारात संख्या दोन असतात. पहिली कमी करायची तर टनर काढून टाकायला हवे होते. मिठाच्या पाण्यातून वीज सोडून जागच्या जागी औषध बनवता येतं, ते कोंडून ठेवावं लागत नाही. पण ते उभारायला वर्षं लागणार होती. दुसरी संख्या कमी करायला उन्हाळ्याची सुट्टी पुरली. वसाहत उठली. शाळेचा वर्ग उठला. फाटकाजवळचा चहावाला उठला. दर वेळी श्वासांक थोडा खाली यायचा आणि टेकडी थोडी गप्प व्हायची.

यंत्रणेचा आवाज बाईचा होता, शांत, पुस्तकी. म्हणून सगळे तिला मोजणीबाई म्हणू लागले. मोजणीबाईनं पुढे आणखी एक गोष्ट हेरली. पाळी बदलताना आत दुप्पट माणसं असतात आणि चुकाही तेव्हाच होतात. म्हणून पाळ्या लांबवा, पंधरवड्याच्या करा, आणि आत एकच माणूस ठेवा. वाल्व यंत्रं फिरवतील, टनर यंत्रं जोडतील, माणसानं लक्ष ठेवावं. तिसरा कुणी शिकवून तयार करावा म्हटलं, तर शिकायला आत येणारा हासुद्धा एक श्वासच.

उरले दोघं.

उपअभियंता सलीम तडवी तेव्हा पट्ट्याशी उभे राहून म्हणाले होते, “कोण कोणता पंधरवडा घेतो, ते तुमचं तुम्ही ठरवा. मला काय, तारखा द्या.”

“तारखा कशाला साहेब? चंद्रावर ठरवू,” योगिता म्हणाली. “मी उजेडाचा घेते. एवढ्या मोठ्या आवारात मला एकटीला काळोख नको.”

“आणि मला भुतं खाऊ देत,” हिरामण म्हणाला.

“तुम्हाला बघून भुतंच पट्टा ओलांडतील.”

तडवीसुद्धा हसले. किती सोपं वाटलं होतं तेव्हा! पहिला पाडवा आला, गुढी हिरामणनं एकट्यानं उभारली. मग आखाजी, मग नागपंचमी, गणपती, दसरा, भाऊबीज. तेव्हा कुठे योगिताच्या लक्षात आलं, आपल्याकडचे सण बहुतेक सगळे वाढत्या चंद्राचे. चांदण्याच्या मोहापायी तिनं सगळे सण मागे पट्ट्यापलीकडे ठेवले होते. आणि हिरामणच्या वाट्याला सगळे सण आले होते, पण सण करायला जिच्यासोबत बसायचं तीच नाही.

“एकदा अदलाबदल करू द्या, साहेब,” तिनं फोनवर विनवलं.

“करा की. पण अदलाबदल म्हणजे तुमच्यातल्या एकाला लागोपाठ दोन पंधरवडे आत राहावं लागेल. मोजणीबाई पंधरवड्यापुढे ठेवू देत नाही. एकटं माणूस त्यानंतर चुका करायला लागतं, असं तिचं गणित आहे.”

“मग एकटं ठेवता कशाला?”

तडवींनी घसा खाकरला. “तेही तिचंच गणित आहे, ताई.”

*

फोन रोज व्हायचा. पण हळूहळू बोलण्याला पाळी बदलल्याचा सूर आला. गढूळपणा किती, तुरटी किती, दुधवाल्याला सांगितलंस का, गॅसची टाकी लावली का. सगळं सांगून व्हायचं. मग कुणीतरी म्हणायचं, ठेवू?

घरी हिरामण आळशी होत चालला होता. फिल्टरवर असताना तो रोज दाढी गुळगुळीत करायचा, कारण श्वसनसंचाचा मास्क कातडीला घट्ट बसला पाहिजे. खुंट वाढले की काठातून हवा शिरते. पण बाहेर आला की वस्तरा पडून राहायचा. “कुणासाठी करू?” तो एकदा म्हणाला आणि योगितानं ते ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

चैत्रात कृतिकाचं लग्न झालं. तिथी मुद्दाम पौर्णिमेची धरली. मुहूर्ताच्या जरा आधी योगितानं बाहेर यावं आणि अक्षता पडताच हिरामणनं आत जावं, असं ठरलं होतं. प्रत्यक्षात मुहूर्त लांबला, तेवढा वेळ फिल्टर रिकामं सोडायची मुभा मिळेना. लेकीच्या डोक्यावर अक्षता आईनं फोनच्या पडद्यावरूनच टाकल्या, आणि ती मांडवात पोचली तेव्हा बाप निघून गेलेला होता.

कृतिका सुरतेला सासरी गेली, आणि तिनं तिथून पहिला हट्ट धरला.

“मम्मी, माझी पहिली आखाजी आहे. मला तुम्ही दोघं पाहिजेत.”

“अगं, वैशाखातली तीज. मी आत असणार.”

“ते मला माहीत आहे. पण पट्ट्याच्या बाहेर तर बसता येतं ना? पट्ट्यापाशी निंब आहे मोठा. मी तिथे झोका बांधणार. तू वर गच्चीवर उभी राहा. तेवढंच एकत्र.”

योगितानं तडवींना विचारलं. त्यांनी मोजणीबाईला विचारलं. पट्टा हा परिघाचा काठ. काठाबाहेरच्या माणसावर तिचा हक्क नाही, असं उत्तर आलं.

अमावास्येला योगिता आत गेली. तिसऱ्या दिवशी आखाजी होती.

*

सकाळपासून ऊन कसं, तव्यावरून उतरल्यासारखं. योगितानं पातळ नवं नेसलं. कुणी बघणार नव्हतं, तरी केसात मोगऱ्याचं फूल घातलं. फिल्टरच्या गच्चीवर आली तर खाली, रस्त्याच्या टोकाला, निंबाखाली रंगांचे ठिपके हलत होते. वसाहतीतल्या जुन्या शेजारणीही आल्या होत्या. तिनं फोन लावला, तिकडे कुणीतरी तो झाडाच्या बेचक्यात ठेवला.

“मम्मी! पप्पांनी खापरावरचे मांडे केलेत!”

“अगं बाई! आणि खापर?”

“एक फुटलं.”

“फुटलं नाही, चिरलं,” हिरामणचा आवाज आला.

“काय वं योगिता,” शकूमावशी ओरडली. ती जुन्या घराची भिंतीलगतची शेजारीण. “नवऱ्याला बरं कामाला लावलंस! आमचा म्हातारा अजून पाणीसुद्धा हातानं घेत नाही.”

मोजणीबाईचा स्वर मध्येच उमटला. “परिघाच्या काठावर अकरा व्यक्ती आहेत. कृपया नोंद घ्यावी.”

“बारा म्हणावं तिला!” शकूमावशी म्हणाली. “माझ्या सुनेला सहावा लागलाय. एवढी मोजणारी, अन् पोटातलं दिसत नाही?”

हशा उसळला. तो फोनमधून आला आणि मागाहून वाऱ्यावरूनही, थोडा उशिरा, थोडा बारीक. मग झोका हलला. कृतिका उभी राहून झोका चढवत होती, तिचं हिरवं लुगडं वरखाली होत होतं.

झोका चालला गं वर, निंबाची फांदी वाके
माय उभी टेकडीला, हात तिचा मला दिसे

योगितानं हात उंच केला. खालचा एक ठिपका झोक्यापासून जरा दूर उभा होता, पांढऱ्या सदऱ्यातला. त्यानंही हात वर केला. एवढ्या लांबून तोंड दिसत नव्हतं. पण तो हात कसा वर जातो, कोपरात जरासा अडखळून, ते तिला माहीत होतं. तिला वाटलं, सगळं ओरडून विचारावं. पंपाचं नको, तुरटीचं नको. तुम्ही कसे आहात, ते.

त्याच वेळी घंटा वाजली.

*

“क्लोरीन खोलीत गळती,” मोजणीबाई म्हणाली. “शोषणमनोरा सुरू करत आहे.”

शोषणमनोरा म्हणजे गळलेला वायू ओढून घेऊन त्यावर कॉस्टिक सोड्याच्या पाण्याचा पाऊस पाडणारं यंत्र. योगिता जिना उतरता उतरता ऐकत होती. मनोऱ्याचा पंप घरघरला, घुसमटला आणि बंद पडला. तिनं खालच्या बटणांच्या फळीवरून हातानं चालू केला. पुन्हा तेच. उन्हानं त्याची मोटर गेली होती.

“मनोरा बंद आहे. आपण वाऱ्याच्या विरुद्ध दिशेनं बाहेर पडावं.”

“आणि खालची माणसं?”

“त्यांना सूचना दिली आहे. वारा नाल्याच्या दिशेनं आहे. नाला आणि रस्ता पट्ट्याजवळ एकत्र येतात.”

योगितानं फोन तोंडाशी धरला. “रस्त्यानं पळू नका! वर चढा, निंबामागच्या बंधाऱ्यावर! वर! कृतिका, शकूमावशीला धर, तिच्या सुनेला आधी ने!”

खिडकीतून दिसत होतं, ठिपके विखुरले होते. पण बंधारा चढायला म्हाताऱ्या पायांना वेळ लागणार होता, आणि वायूला पाय नसतात.

तिनं श्वसनसंच पाठीवर घेतला, मास्क आवळला. मास्कच्या आत स्वतःचा श्वास मोठ्यानं ऐकू येऊ लागला, कुणीतरी सोबत असल्यासारखा.

“एकटीनं जाऊ नये,” मोजणीबाई म्हणाली. “नियमानुसार गळतीच्या जागी दोन व्यक्ती आवश्यक आहेत.”

“मग आण ना दुसरी!”

“परिघात एक व्यक्ती आहे.”

जुना नियम, दोघांनी जायचं, मोजणीबाईच्या पोटात होता. नवा नियम, एकानंच राहायचं, तोही तिच्याच पोटात होता. कुणी कधी ते दोन शेजारी ठेवून पाहिले नव्हते. मोजणीबाई पुन्हा म्हणाली, “दोन व्यक्ती आवश्यक आहेत. परिघात एक व्यक्ती आहे.” आणि थोड्या वेळानं पुन्हा तेच. तिच्या त्या शांत आवाजात पहिल्यांदाच काहीतरी केविलवाणं वाटलं.

योगिता आत गेली. खोलीत जमिनीलगत पिवळसर हिरवं काहीतरी गुडघाभर साचलं होतं. तिनं अमोनियाची बाटली दाबत टनरभोवती फिरवली. जिथे क्लोरीन असेल तिथे अमोनियाचा पांढरा धूर उठतो. धूर उठला तो खालच्या वाल्वपाशी. म्हणजे वायू नव्हे, द्रवच गळत होता. लोखंडावर बर्फाची साय धरली होती आणि थेंब पडता पडता उकळून नाहीसे होत होते.

अशा वेळी एकच करायचं असतं. टनर रुळांवर अर्धा फिरवायचा, गळकी बाजू वर आणायची. मग द्रव तळाशी राहतो, वर येतो तो नुसता वायू, आणि वाल्वला हात घालता येतो. पण टनर फिरवायला दोन माणसं लागतात. एकानं साखळीपाना घेऊन रेटायचं, दुसऱ्यानं पलीकडून रोखून धरायचं, नाहीतर तो मागे झोके खातो. यंत्राला टनर जोडता येत होता, सोडता येत होता. गळका टनर फिरवायला कुणी शिकवलं नव्हतं, कारण शक्यता फार लहान होती.

तिनं रेटलं. टनर हलला, पाव भाग वळला आणि परत आला. पुन्हा रेटलं, पुन्हा आला.

“परिघात दोन व्यक्ती आहेत,” मोजणीबाई म्हणाली.

योगितानं वळून पाहिलं नाही. पलीकडच्या बाजूला दोन हात आले. कोपरात जरासा अडखळणारा उजवा हात. बंद फाटकावरून चढून चौकीतून उचललेला दुसरा संच पाठीवर, काचेआड घामानं भिजलेलं कपाळ. मास्कमधला आवाज टनरपलीकडे पोचत नव्हता. हिरामणनं तळहात उघडून दाखवला, थांब, मग मूठ केली, आता.

तिनं रेटलं, त्यानं रोखलं. रेटलं, रोखलं. टनर अर्धा वळला आणि बसला. थेंब थांबले. वरच्या अंगाला आलेला वाल्व आता नुसता फुसफुसत होता. दोघांनी मिळून पाना धरला, चार हात एका दांड्यावर, आणि नट आवळत नेला. फुसफुस बारीक झाली. योगितानं बाटली दाबली. धूर उठला नाही.

त्याचा हातमोजा तिच्या हातमोज्यावर तसाच राहिला होता. रबरातून ऊब कळत नाही. तरी ती काही वेळ हलली नाही. लेकीच्या लग्नात जमलं नव्हतं ते, एका छताखाली उभं राहणं, इथे जमलं होतं. काचेआड तो हसतोय की त्याला धाप लागली आहे, तेवढं मात्र तिला ओळखता येईना.

बाहेर आल्यावर त्यानं मास्क काढला तेव्हा कळलं. गालावर तीन दिवसांचे खुंट होते. मास्कच्या काठाखाली कातडी लाल झाली होती. तो काहीतरी बोलायला गेला आणि खोकला. खोकत खोकत खाली बसला.

“दाढी…” योगिता म्हणाली. 

“आज… करणार होतो,” तो म्हणाला. “मांड्यांच्या गडबडीत राहिली.”

रुग्णवाहिका पट्ट्यापर्यंत आली. खालचे सगळे बंधाऱ्यावर सुखरूप होते. योगितानं त्याला स्कूटरवर पुढ्यात बसवून पट्ट्यापर्यंत आणलं. कृतिका रडत धावत आली. डॉक्टरांनी त्याच्या नाकावर नळी लावली, दार उघडं धरलं.

“तुम्ही येता ना?”

योगितानं टेकडीकडे पाहिलं. वर फिल्टर रिकामं होतं. पंप चालू होते, अर्धं शहर नळाखाली हंडे लावून बसलं असेल, आणि आत एक नुकताच आवळलेला वाल्व होता.

“कृतिका, तू जा,” ती म्हणाली. “मी गेले तर इथे कुणीच नाही.”

दार लागलं. ती स्कूटर वळवून चढ चढू लागली. फाटकाशी आवाज आला, “परिघात एक व्यक्ती आहे.” योगितानं त्या दिवशी पहिल्यांदा तिला शिवी घातली.

*

हिरामण वाचला. छाती आतून भाजली होती. डॉक्टर म्हणाले, भरेल, पण आता क्लोरीनच्या वासालाही उभं राहायचं नाही. फोनवर त्याचा आवाज वाळूतून गाळल्यासारखा यायचा. गढूळपणा किती, हे त्यानं एकदाही विचारलं नाही. एकदा फक्त म्हणाला, “फूल घातलं होतंस का गं केसात? मास्कच्या पट्ट्यात काहीतरी पांढरं अडकलं होतं.”

आठवड्यानं तडवी आले. आत यायची परवानगी त्यांनी मागितली नाही. ते पट्ट्याशी उभे राहिले, योगिता वर फाटकाशी, आणि दोघं एकमेकांना बघत फोनवर बोलले.

“मोजणीनं सगळं पुन्हा मांडलंय, ताई. आत दोन माणसं पाहिजेत, असं ती आता स्वतःच म्हणते. एक माणूस ठेवण्यात वाचतं त्याहून जास्त जातं.”

योगिताच्या छातीत काहीतरी उसळलं. “दोन? म्हणजे आम्ही दोघं…”

“नाही.” तडवी घाईनं म्हणाले, जणू ती उसळी त्यांना इतक्या लांबूनही दिसली. “दोन माणसं, पण एका घरातली नकोत. एक आत असला की दुसरा नियम मोडून, तयारी नसताना धावतो. हिरामण आले ते त्यांची पाळी होती म्हणून नाही. तुम्ही आत होतात म्हणून आले. तिच्या हिशेबी गळती ही एक दुर्घटना, आणि त्यांचं येणं ही दुसरी.”

“ते आले नसते तर?”

“तेही तिनं मांडलंय.”

“आणि तुम्ही? तुमच्या हिशेबी काय?”

तडवींनी टोपी काढून घाम पुसला. “माझी बायको मला हेच विचारत होती. काय सांगू तिला? तुमच्या मिस्टरांनी काल मला फोन केला. म्हणाले, माझं नाव काढा, तिचं राहू द्या. अर्थात तुम्हालाही नको असेल तर सोडता येईल. कुणी काही म्हणणार नाही.”

योगिता निवळणीच्या टाकीकडे बघत राहिली. सोडलं तर घर पूर्ण मिळेल. आणि पौर्णिमेनंतर दुसऱ्या शहरातून जी माणसं येणार होती, त्यांतल्या एकालाही गळका टनर कसा रोखून धरायचा ते हातानं माहीत नव्हतं. राहिली तर अर्धं घर मिळेल. आजवर तर अर्धंही नव्हतं.

“माझ्यासोबत कोण देताय?”

“नंदुरबारच्या वळवीबाई. चांगल्या आहेत. बोलतात थोडं कमी.”

“चालेल,” योगिता म्हणाली. “इथे आवाज पंपांचा असतो. मी शिकवते त्यांना.”

*

पौर्णिमेला पट्ट्याशी दोन अनोळखी माणसं उभी होती. तिनं किल्ल्या दिल्या, दोन नंबरच्या पंपाचं सांगितलं आणि घरी आली.

दार उघडं होतं. हिरामण आत बसला होता, खिडकीजवळच्या एकुलत्या जागी. तिला पाहताच तो उठला. ती म्हणाली, बसा, बसा. तो म्हणाला, तू बस. मग दोघंही उभेच राहिले. दाढी गुळगुळीत होती. त्यानं चहा केला, पण फळीवर कप एकच; दुसरा शोधायला वरचा डबा उतरवावा लागला. जेवताना ती मीठ घ्यायला उठली आणि त्याच वेळी तोही उठला, दोघं दारात आडवे आले आणि पाहुण्यांसारखे बाजूला झाले.

“टाकीची पातळी सकाळी…” ती म्हणाली.

“योगिता, पातळी नको.”

“मग काय सांगू?”

 “काय माहीत,” तो म्हणाला आणि खोकला. तिनं पाणी दिलं. तो प्यायला, आणि पाण्याकडे बघून हसला.

दुपारची उन्हं उतरेनात, म्हणून दोघं जरा आडवे झाले. तेव्हा ध्यानात आलं, दोघांनाही पलंगाच्या मधोमध झोपायची सवय लागली होती. तिथल्या गादीला खळगा पडला होता, दोघांच्या अंगांनी पाळीपाळीनं पाडलेला एकच खळगा. हिरामण भिंतीकडे सरकला. योगिता काठाकडे सरकली. मधली जागा रिकामी राहिली. दोघं छताकडे बघत, श्वास जपून घेत, तिच्या दोन बाजूंना पडून राहिले.